राक्षसांकडून

“यात कोणी कोणाच्या विरुद्ध नसतं,” दादा म्हणाला आणि चौघांच्या सोंगट्या त्याने एकट्यानेच पटावर मांडल्या. “सगळ्यांनी मिळून गाव वाचवायचं. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे.”

“माहीत आहे,” त्याची धाकटी बहीण म्हणाली. हा खेळ तिलाच दहाव्या वाढदिवसाला मिळालेला होता.

बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते. कपाट रिकामं करताना वरच्या फळीवर हा डबा सापडला आणि दादाला वाटलं, आईचं मन जरा रमेल. दादाला बऱ्याच गोष्टी वाटत, आणि एकदा वाटल्या की त्या ठरलेल्या असत. आईने त्याच्याकडे राहायला जायचं, हेही असंच ठरलं होतं. शनिवारी टेम्पो येणार होता. भिंतीशी सात खोकी उभी होती, प्रत्येकावर त्याच्या ठळक अक्षरात ‘आई’ लिहिलेलं. आईला विचारलंस का, असं धाकटीने विचारलं नव्हतं. खोक्यांना चिकटपट्टी मात्र तिनेच लावली होती. न बोलता, नीट, कडा दाबून.

पटावर नदी होती, पूल, गिरणी, किल्ला. चार कोपऱ्यांत चार राक्षस: पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत, रक्त पिणारा सरदार, माशासारखे कल्ले असलेला दलदलीतला प्राणी आणि लांडगामाणूस. लांडग्याचा एक कान कधीच तुटला होता. त्या जागी बाबांनी आगकाडीचं टोक चिकटवलं होतं.

“आजी, तू डॉक्टरीण,” दादाची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली. “तुझ्या टर्नला चार पावलं चालायचं. वाटेत कोणी गावकरी भेटला तर त्याला सोबत न्यायचं, आणि—”

“मी सांगतो तिला,” दादा म्हणाला.

आणि सांगू लागला. ऑफिसात तो बारा माणसांचा प्रमुख होता, आणि जिथे बसेल तिथे त्याचं ऑफिस भरे. मुलीची सोंगटी त्याने पुलावर नेली, कारण ती फार वेळ लावत होती. धाकटीची विहिरीपाशी, कारण “तुझ्या लक्षात येत नाहीये.” प्रत्येक वेळी तो ‘आपण’ म्हणे. आपण इथे जाऊ. आपण हे टाकून देऊ. धाकटीच्या मनात दोन दिवस घोटलेलं एक वाक्य होतं. चांगलं होतं, स्वल्पविरामासकट तयार होतं. तिने ते गिळलं. भावाची तिला किळस आली, आणि त्याहून कणभर जास्त स्वतःची.

आईने हात पुढे केला. तिची डॉक्टरीण गिरणीत उभी होती, तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या गिरणीवालीच्या शेजारी.

“थांब,” दादा म्हणाला. “या म्हातारीला किल्ल्यात पोचवायचं. सुरक्षित जागी. एक, दोन, तीन, चार. बघ, झालं!” दोन्ही सोंगट्या त्यानेच उचलून नेल्या. मग म्हातारीला पटावरून काढलं आणि डब्याच्या झाकणात टाकलं.

आईचा हात अजून पटावरच होता.

“तिला तिथे का टाकलीस?”

“सुरक्षित झाली ना. आता तिला काही होऊ शकत नाही.”

“म्हणजे ती आता खेळातच नाही.”

“काळजी मिटली, आई.”

“कोणाची?”

दादा हसला. लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसा.

“पप्पा, पण आजीचं आजीने ठरवायचं असतं,” मुलगी म्हणाली. “नियमात लिहिलंय. बाकीच्यांनी फक्त सुचवायचं.”

“मी सुचवलंच की.”

आईने झाकणात पाहिलं. मग दादाच्या कोपरापाशी ठेवलेल्या राक्षसांच्या पत्त्यांकडे.

“राक्षसांकडून कोण खेळतंय?”

“कोणीच नाही. दर वेळी एक पत्ता उलटायचा, त्यावर असेल तसे ते चालतात. मी उलटतो ना.”

“तुझे बाबा बसायचे त्यांच्याकडून.”

“ती बाबांची आपली गंमत होती, आई. त्याची काही गरज नाहीये.”

आई उठली. टेबलाला वळसा घालून खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली. बावीस दिवस त्या खुर्चीवर फक्त इस्त्रीला द्यायचे कपडे बसले होते. तिने ते उचलले, दादाच्या मांडीवर ठेवले आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

“अगं, तू आमच्या बाजूची आहेस!”

“होते. पत्ते दे.”

तो देईना, तेव्हा नातीने दिले.

“आणि त्या गिरणीवालीला बाहेर काढ. होती तिथे ठेव.”

हे धाकटीला होतं. धाकटीने झाकणातून म्हातारी काढली आणि गिरणीत उभी केली. न बोलता, नीट, तळ दाबून.

आईने बोट ओलं करून पत्ता उलटला. चष्मा जवळ नव्हता, हात लांब धरून तिने वाचलं, “लांडगामाणूस. तीन पावलं. सगळ्यात जवळच्या माणसाकडे.” तिने लांडगा उचलला नाही, पुठ्ठ्यावरून खरवडत ढकलत नेला. एक. दोन. तीन. आगकाडीचा कान दादाच्या सोंगटीला टेकला.

“हं, आता तू,” ती म्हणाली. “फक्त तुझं खेळ.”

दादा मांडीवरचे कपडे सावरत पटाकडे बघत राहिला. मग त्याने मुलीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

कोणी काही सुचवलं नाही.