पाखरांच्या गाडीची दंडमाफी

“आल्या आल्या पावती फाडतात हे, साहेब. श्वास घेऊ देत नाहीत.” बाईंनी दंडाच्या अठरा पावत्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. “ही बघा. मी गाडी लावली नऊ चाळीसला. पावतीवरची वेळ नऊ एक्केचाळीस.”

वाहतूक शाखेच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून दोन-चार पावत्या बघितल्या. मग भिंतीशी उभ्या असलेल्या वाहतूक शिपायाकडे पाहिलं. त्या रस्त्यावर त्याला सगळे मुंगळा म्हणत. एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि जखमी पक्षी-प्राणी दवाखान्यात पोचवायला लागल्या. फुकट, स्वतःच्या गाडीनं. फोन आला की हातातलं टाकून निघायचं. आता पाखरू काही पार्किंगची जागा बघून पडत नाही. ते पडतं भर बाजारात, नाहीतर चौकातल्या तारांत. मग गाडीही तिथेच उभी, मनाईच्या फलकाखाली. नणंद चेष्टा करायची, “वहिनी, पाखरांपेक्षा पावत्याच जास्त जमवल्यात की.” बाई हसून सोडून द्यायच्या. पण पेन्शन ती केवढी, पुरणार कुठवर? माफी मिळाली नाही तर गाडी विकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गाडी गेली की काम संपलं. घार काय पिशवीत घालून बसनं न्यायची?

“तुमचं काय म्हणणं?” साहेबांनी मुंगळ्याला विचारलं.

“पैसे माफ करा, साहेब. पावती तेवढी फाडू द्या.”

खोलीतले सगळे हसले. साहेबही हसले. “पैसेच घ्यायचे नाहीत तर कागद कशाला? शोभेला?”

मुंगळा काहीतरी बोलणार होता. साहेबांच्या तोंडाकडे बघून त्यानं ते गिळलं. बाईंना त्याचा मनापासून संताप आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

आदेश निघाला. मागचे दंड माफ, पुढचेही माफ, आणि यापुढे या गाडीवर पावती लावायची नाही. बाईंनी बाहेर येऊन नणंदेला फोन लावला आणि मुंगळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी त्या एक घुबड घेऊन निघाल्या होत्या. पंख मोडलेला, पण डोळे टक्क उघडे. “तासाभरात आणा, नक्की जगेल,” डॉक्टर फोनवर म्हणाले होते. वाटेत दुसरा फोन आला. बँकेच्या गच्चीवर घार तारेत अडकली होती. बँक रस्त्यातच होती, काम दहा मिनिटांचं. बाईंनी गाडी दारासमोर लावली, काचा बोटभर खाली ठेवल्या, घुबडाचं खोकं सावलीच्या बाजूला सरकवलं आणि जिने चढल्या.

तार सोडवायला चाळीस मिनिटं गेली. टॉवेलात गुंडाळलेली घार घेऊन त्या खाली आल्या, तर गाडी नव्हती. तिथे मुंगळा उभा होता, घामानं डबडबलेला.

“क्रेनवाल्यांनी नेली,” तो म्हणाला. “मी आडवा झालो. आत जीव आहे, म्हटलं. ते म्हणाले, पावती दाखव.”

“कसली पावती? मला माफी आहे.”

“तेच तर झालं ना, बाई. पावती फाडलेली गाडी ते उचलत नाहीत. एका चुकीला दोन शिक्षा नकोत, असं आमचं आपसात ठरलेलं. म्हणून तर तुमची गाडी दिसली की मी त्यांच्या आधी पळत यायचो.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“साहेबांसमोर? त्यांना कळलं असतं, तर ते ठरलेलंही बंद झालं असतं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. मुंगळ्यानं हात करून टॅक्सी थांबवली आणि घार त्यांच्या हातातून स्वतःकडे घेतली. “हिला मी दवाखान्यात पोचवतो. तुम्ही निघा.”

उचललेल्या गाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उघड्या मैदानात ठेवत. झाड नाही, छप्पर नाही. बाईंची गाडी तिसऱ्या रांगेत उन्हात उभी होती. दाराला हात लावला तर चटका बसला. त्यांनी मागच्या सीटवरचं खोकं उघडलं. घुबड कुशीवर पडलं होतं. त्यांनी छातीवर बोट ठेवलं, थोडा वेळ थांबल्या, पुन्हा ठेवलं. काही लागलं नाही. तिथेच गाडीला टेकून त्या रडल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं तर बघू दे म्हणून रडू आवरलंही नाही.

मग खोकं काखेत धरून त्या ऑफिसच्या खिडकीशी गेल्या. गाडी सोडवायला काय भरावं लागेल ते विचारलं आणि पाकीट काढलं. आतला कारकून भला माणूस होता. त्यानं गाडीचा नंबर घेतला, समोरच्या कागदांत शोधला आणि त्याचा चेहरा खुलला.

“पाकीट ठेवा आत, बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला सगळं माफ आहे.”