हलका हात

"हा तुझाच ना?" मेट्रनबाईंनी पिवळा पडलेला कागद टेबलावरून पुढं सरकवला.

तिनं उभ्या उभ्याच पाहिलं. वाचायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तुरुंगातल्या एका साहेबांनी तासभर प्रश्न विचारून तो अहवाल लिहिला होता. तिला तो जवळजवळ पाठ होता.

"माझाच," ती म्हणाली.

दोन वर्षं ती या इस्पितळात रक्त काढायचं काम करत होती. टोचण्याआधी हातावर फुंकर घालायची, म्हणून लहानथोर सगळे तिला फुंकरताई म्हणत. एक तारखेपासून ती कायम व्हायची होती. त्यासाठी मेट्रनबाईंची सही हवी होती, आणि सहीच्या निमित्तानं बाईंनी तिची फाइल पहिल्यांदाच शेवटच्या कागदापर्यंत उघडली होती.

"म्हणजे तू पाकीट मारायचीस?"

"सात वर्षं. आई मारायची, मावशी मारायची. दुसऱ्या घरांत पोरींना भाकरी थापायला शिकवतात, आमच्याकडं हे शिकवायचे."

"आणि नोकरीला लागताना लपवलंस!"

"नाही हो. अर्जात लिहिलंय, हा कागदही मीच जोडलाय. दुसरं पान, खालून तिसरी ओळ."

मेट्रनबाईंनी पान उलटलं. खरंच लिहिलेलं होतं, चांगल्या ठसठशीत अक्षरात. आजवर कुणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत चढवला आणि अहवाल मोठ्यानं वाचायला घेतला.

"'भीती म्हणून वाटत नाही. पकडली जातानाही हात कापत नाहीत. समोरच्याला बोलण्यात गुंतवण्याची विलक्षण हातोटी. घर, संगत, शिक्षण, काहीच धड नाही. पश्चात्ताप दिसत नाही. सुटल्यावर पुन्हा त्याच मार्गाला लागण्याची दाट शक्यता.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "जित्याची खोड म्हणतात ती उगीच नाही. इथं आजारी माणसं उशाखाली पाकीट ठेवून निर्धास्त झोपतात. मी काय करू, सांग."

"साहेबांनी खोटं काहीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "पश्चात्ताप तेवढा मला उशिरा झाला. तुरुंगातल्या दवाखान्यात मी झाडू मारायची. एका आजीबाईंना चार वेळा टोचूनही शीर सापडेना. मला राहवलं नाही. म्हटलं, मी बघू का? डॉक्टर वैतागलेलेच होते, म्हणाले, बघ. काम झालं तरी आजी डोळे मिटून बसलेल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, 'कळलंच नाही गं!' बाई, तोवर लोकांना कळणारच नाही असं मी हजार वेळा केलं होतं. पण त्यावर कुणी हसलेलं पहिल्यांदा पाहिलं. सुटल्यावर मग हेच काम रीतसर शिकले."

मेट्रनबाई काही बोलणार, तेवढ्यात मुलांच्या वॉर्डातून किंकाळी आली. पाठोपाठ एक सिस्टर धापा टाकत दारात.

"नवीन आलेली ती सहा वर्षांची... तिघांनी प्रयत्न केला, हात धरू देत नाही. डॉक्टरांना कडकडून चावली. फुंकरताई, चल ना!"

तिनं बाईंकडं पाहिलं. बाई क्षणभर घुटमळल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "पण मीही येते."

मुलगी खाटेखाली भिंतीला चिकटून बसली होती. आई रडकुंडीला आलेली. आजूबाजूच्या खाटांवरची पोरं माना उंचावून तमाशा बघत होती. मेट्रनबाई खाटेच्या दांडीला घट्ट धरून उभ्या राहिल्या.

ती ट्रे घेऊन सरळ खाटेखाली शिरली.

"तू पण टोचणार?" मुलगी ओरडली.

"टोचणार तर. खोटं कशाला बोलू? पण आधी एक सांग, डॉक्टरांना चावलीस ती कुठल्या दातानं?"

मुलीनं तोंड उघडून दाखवलं.

"अगंबाई, हा तर हलतोय! हलत्या दातानं चावलीस? मग त्यांना लागलं नसणारच. उगाच ओरडले."

"लागलं!" मुलगी रागावली. "रक्त आलं त्यांना!"

"किती?"

"एवढं!" मुलीनं एका हाताची बोटं फाकवली. दुसऱ्या हातावर फुंकर पडत होती. मग डॉक्टर 'आई गं' कसे म्हणाले, ते तिनं नक्कल करून दाखवलं. एकदा करून समाधान होईना, म्हणून पुन्हा केलं. वॉर्ड खिदळायला लागला. चावा बसलेले डॉक्टरही हसले.

नक्कल संपल्यावर मुलीला आठवण झाली. ती सावध झाली. "कधी टोचणार?"

"टोचून झालं की. हे बघ, तीन नळ्या. हा कापूस दाबून धर."

मुलीनं कापसाकडं पाहिलं, नळ्यांकडं पाहिलं आणि खाटेखालून रांगत बाहेर येऊन आईला म्हणाली, "मला कळलंच नाही!"

एकच गलका झाला. कोपऱ्यातला एक मुलगा बाही सरसावून ओरडला, "माझं पण काढ!" त्याची तपासणी कालच झाली होती. आईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. तशाच परत निघाल्या. ती मागोमाग गेली. खोलीत शिरल्यावर बाई म्हणाल्या, "दार लाव. कडी घाल."

तिनं कडी घातली. सुटून बाहेर आल्यावर अशा बऱ्याच खोल्यांमधून तिची बोळवण झाली होती. लोक नेहमी आधी दार लावायला सांगत.

मेट्रनबाईंनी फाइल ओढली, सही ठोकली आणि फाइल बाजूला सारली. तिनं मान वाकवून सहीकडं पाहिलं. तोवर बाईंनी बाही कोपरापर्यंत वर केली होती, हात टेबलावर पसरला होता आणि तोंड भिंतीकडं फिरवून डोळे गच्च मिटून घेतले होते.

"बारा वर्षं झाली, मी स्वतःचं रक्त तपासलेलं नाही," त्या पुटपुटल्या. "सुई बघितली की मला घेरी येते. बाहेर कुणाला सांगशील तर बघ. आणि आता गप्प काय उभी राहिलीस? काहीतरी बोलत राहा गं बाई!"