बायकोच्या मशीनची चिप

"भावोजी, बघा ना. यांना ऑक्सिजनशिवाय धड बोलताही येत नाही." शेजारच्या कुंदावहिनींनी सकाळीच नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं. चिप जळली होती.

"ही बाजारात मिळत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. पण तीच चिप माझ्या पलंगाखालच्या मशीनमध्ये होती. बायको गेल्यावरही मी ते रोज रात्री नुसतं चालू ठेवायचो. घरघर ऐकली की झोप लागायची.

दुपारभर भिंतीपलीकडून धाप ऐकू आली. शेवटी बायकोचं मशीन उघडलं. चिपच्या चारी बाजूंच्या बारीक पायांना गरम हवा दिली, एकही पाय न वाकवता ती उचलली आणि वहिनींच्या मशीनमध्ये बसवली.

"कुठे मिळाली?"

"घरातच होती, वहिनी. सकाळीसुद्धा."

त्यांनी हात जोडले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.