घशातल्या शुभेच्छा

कुमुदिनीबाईंनी श्रीखंड-पुरीचा घास घेतला आणि त्यांच्या कृत्रिम घशात कंपनीचा निरोप वाजला, “पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा!” बाई निळ्या पडू लागल्या. सुनेनं, ऋजुतानं, मानेवरचं बटण दाबून घसा बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे श्वास आला. चावलेल्या पुरीचा लगदा ताटात पडला.

ऋजुतानं खरकट्या हातानंच कंपनीला फोन लावला.

“मॅडम, गिळताना घशातलं आमचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, श्वासाला कुलूप लावतो,” इंजिनिअर गोड आवाजात म्हणाला. “मधेच निरोप आला, तर गिळणं अर्धवट टाकून तो निरोप घ्यायला धावतो.”

“आणि कुलूप?”

“काढायचं राहून जातं. पण क्वचितच हो.”

“ऐन सणाच्या जेवणात शुभेच्छा पाठवता आणि वर क्वचित म्हणता? शी! माणसाच्या घशात बसून जाहिराती करता! जे एकटे राहतात, त्यांचं बटण कोण दाबणार?”

“काळजी नको, मॅडम. दुरुस्ती तयार आहे. आत्ताच सगळ्यांना पाठवली.”

“अहो, लोक जेवतायत अजून!”

ऋजुताच्या मागे कुमुदिनीबाईंनी नुकताच पाण्याचा घोट घेतला होता. त्यांच्या घशात नव्या निरोपाची घंटी वाजली.