पावणं कुठलं?

पडदा सरकला, कॉटवरचा पेशंट दिसला आणि डॉ. विश्वजितचा चेहरा पडला. क्षणभरच. लगेच तो वरपक्षाकडचं कुणी आल्यासारखा तोंडभर हसला.

"डॉक्टर, तुमी..." पेशंटने तोंड उघडलं.

"पावणं कुठलं?" विश्वजितने त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

कामगारांच्या आरोग्यातला तज्ज्ञ होण्याची ही शेवटची परीक्षा. समोरच्या माणसाला तपासायचं, प्रश्न विचारायचे आणि त्याच्या कामातून कुठला आजार जडलाय ते ओळखायचं. कोल्हापुरात या शिक्षणाचा थाट मोठा होता. दर रविवारी थंडगार हॉलमध्ये बसून उष्णतेवर व्याख्यानं ऐकायची. कारखान्याला भेटही झाली, पण ती कँटीनपर्यंतच. तांबडा-पांढरा रस्सा ओरपल्यावर भट्टीपर्यंत चालत जायची कुणात ताकद उरली नाही. तरी एक गोष्ट डॉ. संयोगिता मॅडमनी सगळ्यांकडून घोटून घेतली होती. पेशंटला पहिला प्रश्न विचारायचा, "काम काय करता?" वॉर्डातल्या मावशींनाही तो पाठ झाला होता. आज त्याच मॅडम परीक्षक म्हणून खुर्चीत बसल्या होत्या.

विश्वजितला पास व्हायचंच होतं. दवाखाना चालता होता, दोन-तीन कारखान्यांचं कामही होतं. पण हे प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, की अख्खी औद्योगिक वसाहत त्याच्याकडे चालत येणार होती. पेढे सांगून ठेवले होते.

कॉटवरच्या केरबालाही या परीक्षेतून काहीतरी हवं होतं. त्याचा खोकला हटत नव्हता. चार पायऱ्या चढला तरी धाप लागायची. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या झाल्या, पण आपल्याला झालंय काय, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. परीक्षेला पेशंट म्हणून बसलात तर आजाराचं नाव कळेल, असं मॅडमनी कबूल केलं, म्हणून तो आला होता. अट एकच होती. विचारतील तेवढंच सांगायचं, आपणहून बोलायचं नाही. म्हणून बिचाऱ्याने जीभ आवरली.

"गडहिंग्लजकडचा," तो म्हणाला.

"आरं तिच्या! आमची मावशी तिकडंच दिलीया. धोंडुबाई. वळखता?"

"धोंडुबाई? आमच्या आक्काची जाऊ की ती!"

"म्हंजे आपण पावणंच निघालो की ओ!"

झालं. परीक्षा राहिली बाजूला आणि सोयरीक सुरू झाली. यंदा ऊस किती, म्हैस दूध किती देते, पोरीचं कुठं जमलंय का, सगळं विचारून झालं. मग रश्श्यात चटणी किती घालता, चूल आहे की गॅस, हेही झालं. विडी ओढता का? केरबा ओढत नव्हता. तंबाखू?

"कवातरी. जत्रंला."

विश्वजितने 'तंबाखू' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग छातीला नळी लावली. केरबा इतका खोकला, की कॉट हलली.

"निदान?" मॅडमनी विचारलं.

"तंबाखू, तिखट आणि बदलती हवा. चार दिवस गावाकडं राहिले की बरे होतील."

"काम काय करतात, ते विचारलंत?"

विश्वजितने दुखावल्यासारखं तोंड केलं. "मॅडम, ते पाहुणे निघाले. पाहुण्याला काम काय करता, असं तोंडावर कसं विचारायचं? आपल्यात बरं दिसत नाही ते."

मॅडमही इथल्याच. त्यांना हसू आवरेना. पाहुणचारापुढे परीक्षेची काय मातब्बरी! "बरं, विसरलात असं समजते," त्या म्हणाल्या. "आता विचारा. एवढा एक प्रश्न विचारलात तरी पास करते."

विश्वजितने केरबाकडे पाहिलं. थंडगार खोलीतही डॉक्टरच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू दे, मॅडम. मी पुढच्या वेळी बसेन."

ताटात वाढलेलं पास असं ढकलणारा उमेदवार मॅडमनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची कॉटजवळ ओढली.

"काका, काम काय करता?"

"फौंड्रीत असतो. ओतलेल्या लोखंडाची वाळू झाडायची, घासून गुळगुळीत करायचं. लई धुरळा असतो बगा."

"किती वर्षं?"

"पोरगी पाळण्यात हुती तवापास्नं. आता तिला स्थळं बगतोय."

मग मॅडमनी दिलेला शब्द पाळला. "काका, ती बारीक धूळ तुमच्या फुप्फुसात बसलीय. सिलिकोसिस म्हणतात याला. आधीच कुणी ओळखलं असतं, तर तुम्हाला त्या कामावरून वेळेत हलवता आलं असतं. आता बसलेली धूळ निघायची नाही."

केरबाने मान हलवली. नाव एकदाचं कळलं होतं. ते त्याने मनात दोनदा घोळवून बघितलं, पण जिभेवर बसेना.

मॅडम ताडकन विश्वजितकडे वळल्या. "एवढा साधा प्रश्न! तो विचारता येत नसेल, तर कामगारांच्या छातीला नळी लावायचा तुम्हाला अधिकार काय?"

विश्वजितने नळी गुपचूप खिशात घातली. केरबाला राहवेना. नुकतंच नातं निघालेला पाव्हणा आपल्यापायी नापास होतोय, हे त्याला कसंतरीच वाटलं. अट मोडून तो आपणहून बोलला.

"डॉक्टरीणबाई, ह्यास्नी नापास करू नगा. माझं काम ह्यास्नी ठावं हाय की. आमच्या फौंड्रीचं डॉक्टर ह्येच. वर्सावर्साला नळी लावून मला फिट म्हणून सही ठोकत्यात. पर पावणं कुठलं, ह्ये मातर आज पैल्यांदाच इचारलं बगा!"