कागदावरचा धाकटा

शहाण्णव सालच्या मेअखेरीला इंदापूर ठाण्यात हवालदार हसन शेखचा निरोपसमारंभ झाला. हार घातला तो त्याच्या जुळ्या भावानं, बारामती ठाण्याच्या हवालदार हुसेननं. त्याच्या अंगावरची कडक इस्त्रीची खाकी बघून हसनच्या पोटात दुखायला लागलं. दोघं एकाच पहाटे जन्मले, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी हुसेनला दोन वर्षांनी धाकटा लिहून ठेवला. त्यामुळं हसनची अठ्ठावन्न आज भरली आणि हुसेनला वर्दी अजून दोन वर्षं मिळणार होती.

एसटी स्टँडवर हसनला राहवलं नाही. "दोन वर्षं फुकट मिळाली तुला. गुरुजींचा लाडका व्हतास ना."

"लाडका कुठला," हुसेन म्हणाला. "मला शाळंत दोन वर्षं उशिरा घातलं, म्हणून वय बी तेवढं कमी लिवलं."

"आन् उशिरा का घातलं?"

हुसेननं भावाच्या गळ्यातला हार नीट केला. "शेरडांमागं एकानं जायाचं व्हतं. आईनं पाटी आन् काठी म्होरं ठिवली. तू पाटी उचललीस."