चुड्याचं माप

कासाराने डाव्या हातात हिरवा चुडा सहज भरला. उजव्या हातात मात्र त्याच मापाच्या बांगड्या अंगठ्याच्या मुळाशीच अडल्या. साबण लावून पाहिला, तरी दोन बांगड्या तडकून वाढल्याच. साखरपुड्याला जमलेल्या बायका पुढे सरकल्या. साक्रीहून आलेल्या होणाऱ्या सासूबाई कुमुदचा रुंद पंजा उलटापालटा करून पाहू लागल्या.

कुमुदला आतून हायसं वाटलं. हा हात आबांनी, तिच्या वडिलांनी, घडवला होता. धुळ्यातल्या शेणाने सारवलेल्या कोर्टावर त्यांनी तिला टेनिस शिकवलं, दांड्याला वीट टांगून मनगट बळकट करवून घेतलं. याच हाताने ती राज्यात पहिली आली होती. पुढच्या महिन्यात पुण्याला देशाच्या संघाची निवड होती. आबांनी या लग्नाला नाइलाजाने होकार दिलाय, अशी तिची खात्री होती. आता सोयरीक आपसूक मोडेल, म्हणून तिने हळूच त्यांच्याकडे पाहिलं.

"उजव्यात मोठ्या मापाच्या भरू का?" कासाराने विचारलं.

"दोन्ही हातले सारखाच चुडा पाहिजे," सासूबाई म्हणाल्या आणि आबांकडे वळल्या. "हाऊ हात असाच राही का?"

आबा उठले. सामन्याआधी दाबायचे तसाच त्यांनी तिचा पंजा अंगठ्याने दाबून पाहिला.

"लहान मापाच्याच ठेवा," ते कासाराला म्हणाले. "आजपासून रॅकेट बंद. लग्नापर्यंत उतरेल. हा हात मीच कमावलाय, कसा उतरवायचा तेही मला ठाऊक आहे."